चहात बुडवलेला कोपरा

आखातातल्या आमच्या सनाबिसच्या घरातल्या दुपारी आठवल्या की अजूनही मला डुलकी लागल्यासारखं होतं. खजुरांच्या मागे समुद्र. ओहोटीला तो इतका लांब जायचा, की आहे की नाही तेच कळू नये. खिडकीतला एसी घुमत असायचा, पडद्यातून पिवळं ऊन झिरपायचं, आणि पलंगाच्या अगदी कडेला, अंगाचं मुटकुळं करून आमचे हे झोपलेले. एवढा ऐसपैस पलंग, पण यांना वीतभर जागा पुरे. मी चिडवायची, "अवो, पलंगाचा भाडा कोण घेता काय?" हे हसायचे आणि तसेच झोपायचे.

कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होते. पहाटे कामगारांना सित्राला न्यायचं, दुपारी परत आणायचं. पोरवयात आरमारात होते, एवढंच मला ठाऊक. वय वाढवून सांगून पंधराव्या वर्षी भरती झाले आणि एकोणिसाव्या वर्षी गावी परतले. का परतले, हे सासरी कुणी बोलत नसे. मी विचारलं की यांना नेमकं बाहेर काम निघायचं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सित्राच्या धक्क्यावर कंपनीच्या लाँचसाठी माणूस हवा होता. पन्नाशीला टेकलेला माझा नवरा त्या दिवशी शीळ घालत घरी आला. इतकी वर्षं समुद्राच्या कडेने बस हाकली होती, आता पुन्हा पाण्यावर जायला मिळणार होतं. फक्त पूर्वी बोटीवर काम केल्याचा कागद दाखवायचा होता.

तो ट्रंकेच्या तळाशी, जुन्या लुगड्याच्या घडीत सापडला. आरमारातून सुटल्याचा दाखला, पण त्याचा एक कोपराच नव्हता. गावच्या घरातल्या उंदरांना मी यथेच्छ शिव्या घातल्या. मग मुलाच्या चित्रकलेच्या वहीतला कागद चहात बुडवून वाळवला. रंग हुबेहूब जुळला. मैद्याची खळ केली, कोपरा चिकटवला, कडेची रेघसुद्धा पेनाने पुरी केली. शुक्रवारी सुट्टी होती. जेवणं झाल्यावर मोठ्या ऐटीत तो कागद मी यांच्यापुढे ठेवला.

हे कितीतरी वेळ कोपऱ्यावरून बोट फिरवत राहिले.

"उंदरांनी खावक नाय गो," ते म्हणाले. "साहेबान कापल्यान. कात्रीन. माझ्या समोर."

आणि मग एसीच्या घुमण्यात, छताकडे बघत, ते बोलत राहिले. मुंबईच्या बंदरात आरमारातल्या पोरांनी संप केला होता. डाळीतले खडे, गोऱ्यांच्या शिव्या, आणि एका सकाळी सगळ्यांनी बाजूला सारलेली ताटं. जहाजावरचा इंग्रजांचा झेंडा उतरवला तेव्हा दोर ओढणाऱ्यांत हेही होते. नंतर कोठडी. घरी पाठवताना दाखल्याचा कोपरा कापला, म्हणजे पुढे कुणीही बघितलं तरी या माणसाला काम देऊ नये. कडेला मुटकुळं करून झोपणं कुठून आलं तेही त्याच दुपारी कळलं. जहाजावर टांगलेल्या कॅनव्हासच्या झोळीत झोपायची सवय, आणि नंतर कोठडीतली दाटी.

"इंग्रजान कापल्यान, ता मी सोसलंय," ते म्हणाले. "मागीर आपला राज्य इला. मी परत गेलंय भरतीक. आपल्या लोकांनी पण कोपरो बघितल्यानी आणि कागद परत दिल्यानी."

मला रडू फुटलं आणि रागही आला, यांचा आणि माझाही. वीस वर्षं हा माणूस एवढं घेऊन माझ्या शेजारी झोपत होता आणि मी पलंगाच्या भाड्याचे विनोद करत होते. डोळे पुसून मी म्हटलं, "असोच ऱ्हवांदे हो. आता चार कोपरे हत. कोणाक काय कळाचा नाय."

खरंच कुणाला कळलं नसतं. लाँच हातात आली असती. हे आडवे झाले. भरतीचं पाणी खजुरांपर्यंत आलं असावं, छतावर उजेड हलत होता. झोपलेत की जागे आहेत ते मला कळेना. दुपारची बांग झाली तेव्हा हे उठून बसले.

"ओलो फडको दी," म्हणाले. "माझ्याबरोबर कोठडीत होती त्या पोरांका कोणी कोपरो चिकटवन देवक नाय."

फडका मीच दाबून धरला. खळ सुटली आणि चहाचा तो तुकडा माझ्या तळव्यात आला.

दुसऱ्या दिवशी हे तोच कापलेला कागद घेऊन धक्क्यावरच्या ऑफिसात गेले. तिथला साहेब इंग्रज, स्वतः जुना आरमारी. त्याने मजकूर वाचलाच नाही. कोपरा बघितला आणि कागद परत दिला.

"खलास," घरी येऊन हे एवढंच म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. त्या साहेबाचा मला पुढे कित्येक दिवस राग येत राहिला. सकाळी यांच्या बसचा हॉर्न ऐकला की मी खिडकी लावून घ्यायची.

हे धक्क्यावरून परतले त्याच दुपारी भांडी आवरून मी खोलीत आले. ऊन नेहमीसारखंच पडद्यातून झिरपत होतं. हे पलंगाच्या मधोमध, हातपाय पसरून गाढ झोपले होते. मला टेकायलाही जागा नव्हती. मी खाली चटई टाकली.