मांडीचे दिवस

सोलापुरात गाडी चालवणाऱ्या बायका दोन प्रकारच्या. कमरुन्निसा बाजींकडे शिकलेल्या आणि उरलेल्या. मी पहिल्या प्रकारातली, आणि शाळेतल्या वीस वर्षांच्या नोकरीपेक्षा मला याचाच तोरा जास्त आहे.

विजापूर वेशीजवळच्या गल्लीत बाजींचा बायकांसाठीचा मोटार ड्रायव्हिंग क्लास आहे. बाजी आता साठीच्या. डोक्यावर ओढणी, नाकावर घसरलेला चष्मा, आवाज असा की मागच्या रिक्षावाल्यानंही गिअर बदलावा. क्लासच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक असतो, तसा त्यांच्याही गाडीला आहे. दोन्हीकडचे ब्रेक खालून एका दांड्यानं जोडलेले. एक दाबला की दुसरा आपोआप खाली जातो.

एकवीस दिवसांचा कोर्स. अठरा दिवस बाजी इतरांसारख्याच शिकवतात. शेवटच्या तीन दिवसांत मात्र चपला काढून मागं टाकतात आणि पुढच्या सीटवर चक्क मांडी घालून बसतात. "हे बघ, माजं पाय वर हाईत. आता दाबलं तर तूच दाबलंस," एवढंच सांगतात. याला आम्ही बायका 'मांडीचे दिवस' म्हणतो. घरी सांगून हसतो, पण त्या तीन दिवसांत बाजी स्वतः कधी हसत नाहीत. त्यांच्यासमोर ते रिकामं पेडल कुणाचा पाय नसताना खाली जातं, वर येतं, आणि बाजी त्याच्याकडे टक लावून बघत राहतात. तिथं कुणी बसलंय की काय, असं मला तेव्हा वाटायचं. एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "मारिया, समोर बघ."

बाजींबरोबर बसनं कुठं गेलं तरी हाच प्रकार. ड्रायव्हर गाडी हाकतोय आणि तीन सीट मागं बसलेल्या बाजींचा उजवा पाय पत्र्यावर दाबला जातोय. सवय असेल म्हणून मी सोडून द्यायची.

गेल्या डिसेंबरात आमच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या वैष्णवीनं नवी गाडी घेतली. सव्वीस वर्षांची पोर, हुशार, कमी बोलणारी. गाडी स्वतःच पुढच्या वाहनापासून अंतर राखणारी. ॲडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल म्हणतात त्याला. वेग ठरवून द्यायचा, पुढच्या गाडीपासून किती लांब राहायचं ते ठरवायचं, मग पुढचा हळू झाला की ही आपोआप ब्रेक मारते आणि रस्ता मोकळा झाला की पुन्हा वेग घेते.

"एवढे पैसे कशाला घातलेस?" मी विचारलं. मला पुढं पुढं करायची खोड आहेच.

"मला माझ्या पायावर भरवसा नाही, टीचर," ती म्हणाली. "ऐन वेळी माझा पाय ब्रेकवर जाईल की नाही, मला माहीत नाही. आईचा नाही गेला."

मग तिनं सांगितलं. ती सात वर्षांची असताना तिची आई महानंदा गाडी शिकली. लायसन्स मिळून अकरा दिवस झाले होते. भर दुपारी, सरळ रस्त्यावर, उभ्या टँकरवर गाडी आदळली आणि ती जागीच गेली. रस्त्यावर टायर घासल्याची एक खूण नव्हती. दिवसाउजेडी समोर टँकर दिसतो आणि बाई ब्रेक मारत नाही, याचा अर्थ लोकांनी लावायचा तोच लावला. सासरी काहीतरी असणार, बाई जिवाला कंटाळली असणार. वैष्णवीच्या वडिलांनी, गुरुशांतरावांनी, भिंतीवर फोटोसुद्धा लावला नाही. घरात महानंदाचं नाव निघालं की ते उठून बाहेर जात.

"मला सोडून गेली ती. पण मला एकदा खात्री करून घ्यायचीय," वैष्णवी म्हणाली. "तुमच्या बाजींकडंच शिकली होती ती. तिला ब्रेक येत होता का, एवढंच विचारायचंय."

मीच तिला घेऊन गेले. बाजींनी नाव ऐकलं, गाव ऐकलं आणि हातातला चहाचा कप खाली ठेवला. वैष्णवीनं जे विचारायचं ते विचारलं.

बाजींनी घसरलेला चष्मा वर सारला. मग म्हणाल्या, "लई मऊ ब्रेक मारायची तुजी आई. तिच्यासारका ब्रेक कुणाचाच न्हाय."

मला वाटलं, चला, पोरीला बरं वाटेल. वैष्णवीचा चेहरा मात्र उतरला. "म्हणजे येत होता," ती हळूच म्हणाली. "मग मुद्दामच केलं तिनं." आणि ती उठलीच.

बाजी दारापर्यंतसुद्धा आल्या नाहीत. लोक असं बोलतात हे त्यांना त्या क्षणापर्यंत ठाऊकच नव्हतं. रस्त्यावर खूण नव्हती हे त्यांनी पेपरात वाचलं होतं, आणि त्याचा अर्थ त्यांच्यापुरता इतका स्पष्ट होता की दुसरा काही अर्थ निघू शकतो हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी बाजींवर चिडले होते. माणसानं चार शब्द मायेचे जास्त बोलावेत की!

चौथ्या दिवशी बाजींचा फोन. "त्या पोरीला म्हणावं, रविवारी गाडी घिऊन ये. मला बसायचंय त्यात. तूबी ये."

रविवारी सकाळी आम्ही पुण्याच्या रस्त्याला लागलो. वैष्णवी चालवत होती, बाजी शेजारी, मी मागं. गाव मागं पडल्यावर वैष्णवीनं बटण दाबून ऐंशीचा वेग लावला आणि दोन्ही पाय खाली जमिनीवर ठेवून दिले. बाजींचे डोळे त्या पायांवरच होते.

अंतर तिनं सगळ्यात कमी ठेवलं होतं. त्यामुळे पुढची गाडी जरा हळू झाली की आमची कचकन ब्रेक मारायची, मग गुरगुरत पुन्हा वेग घ्यायची. माझ्या पोटातली इडली दोनदा गळ्याशी आली. समोरच्या पडद्यावर ॲव्हरेज लिटरला तेरा दाखवत होतं.

"अंतर वाढीव," बाजी म्हणाल्या. "बुडाला चिकटून चाललं की ब्रेक मार, पेट्रोल जाळ, पुन्ना ब्रेक मार, हेच चालतंय. लांबून बघ, म्हणजे मऊ दाबता येतं."

वैष्णवीनं अंतर वाढवलं. गाडी शांत झाली. पुढं कुणी हळू झालं की ही आधीच, अलगद, कळेल न कळेल अशी हळू व्हायची. एकदा ब्रेकचं पेडल पाय नसताना खाली गेलेलं मी मागून वाकून पाहिलं आणि अंगावर काटा आला. मोहोळ जवळ येईतो ॲव्हरेज सतरावर गेलं. वैष्णवी खूश झाली. बाजींचं तोंड पांढरं पडलं होतं.

"ह्यो तर माजा पाय हाय," त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या कळलं नाही. मी विचारलं, तर ओढणीनं नुसता घाम पुसला. डिसेंबरात, एसी लावलेल्या गाडीत.

आमच्यापुढं एक बस होती. ती एकाएकी उजवीकडं वळली आणि समोर उसाची ट्रॉली. टायर फुटलेली, मागं दोन दगड लावून सोडून दिलेली, उसाचे शेंडे रस्त्यावर लोंबणारे. बस बाजूला गेली म्हणजे रस्ता मोकळा झाला, असंच आमच्या गाडीला वाटलं असणार. उभी ट्रॉली काही तिच्या हिशेबात आली नाही. तिनं वेग घेतला.

धाडकन आवाज झाला. बाजींचा उजवा पाय होता तो, जमिनीवर आपटलेला. तिथं पेडल नव्हतं. वैष्णवी ट्रॉलीकडे बघत होती आणि तिचे पाय होते तिथंच होते.

"तुजा पाय! वैष्णवी, तुजा पाय! दुसरं कुणी न्हाय!"

बाजी असं ओरडल्या की माझे डोळे आपोआप मिटले. मग गाडी थरथरली, पट्टा छातीत रुतला, कसलातरी भोंगा वाजत राहिला. डोळे उघडले तेव्हा उसाचे शेंडे काचेपासून दोन हातांवर हलत होते.

वैष्णवीनं गाडी कशीबशी कडेला घेतली. दोन्ही हात अजून चाकावरच होते. "मी वाट बघत होते," ती म्हणाली. "गाडी दाबेल म्हणून मी वाट बघत बसले."

"तुजी आईबी वाटच बघत हुती," बाजी म्हणाल्या.

आणि मग त्या बोलल्या. एकोणीस वर्षांचं सगळं एका दमात. "नवऱ्यामागं येकच गाडी हुती माज्याकडं. शिकनाऱ्या बायका उशिरा ब्रेक मारायच्या, कचकन मारायच्या, मग पुन्ना गाडी पळवायच्या. पेट्रोल पान्यासारकं जायचं. म्हनून म्या काय करायची, त्यांच्या आदीच माज्या बाजूनं दाबायची. लांबूनच, मऊ. त्यांच्या पायाखालचं पेडल खाली जायचं, त्यांना वाटायचं आपुनच दाबलं. तुज्या आईला एकवीस दिवसांत म्या एकदाबी ब्रेक मारू दिला न्हाय. शेवटच्या दिशी ती म्हनली, बाजी, माजा ब्रेक किती मऊ लागतो की! म्या व्हय म्हनलं. तिचा पाय ब्रेकवरच असनार, पोरी. ते खाली जायची ती वाट बघत असनार. ती मरायला निघाली नव्हती. म्या मारलं तिला."

मला मागच्या सीटवरून उतरून पळून जावंसं वाटलं. बाजींच्या मांडीचे दिवस आम्ही हसण्यावारी नेले होते. त्या रिकाम्या पेडलवर त्यांना दर वेळी कुणाचा पाय दिसायचा, ते आत्ता कळलं.

"एकोणीस वर्षं," वैष्णवी म्हणाली. तिचा आवाज वाढत गेला. "एकोणीस वर्षं मी तिला शिव्या दिल्या, बाजी. तिच्या वाढदिवसाला मुद्दाम बाहेर जेवायला गेले. माझ्या वडिलांनी तिचा फोटो पेटीत घातला. आणि तुम्ही परवा मला सांगता, मऊ ब्रेक मारायची?"

बाजींनी मान खाली घातली.

वैष्णवी दार उघडून खाली उतरली. मागं जाऊन, जिथं तिनं ब्रेक मारला होता तिथं उभी राहिली. डांबरावर दोन फिकट काळपट पट्टे उमटले होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली. ट्रक हॉर्न देत बाजूनं जात होते. मी उतरून तिला कडेला ओढलं, पण ती परत बाजींच्या खिडकीशीच गेली.

"त्या दिवशी ती कुठं निघाली होती? खरं सांगा."

"निघायच्या आदी क्लासवर येऊन गेली ती. पेढं द्यायला," बाजी म्हणाल्या. "म्हनली, आज पहिल्यांदा लेकीला शाळेतनं गाडीत आनते. जिथं टँकर उभा हुता त्यो रस्ता तुज्या शाळेचाच हुता."

वैष्णवी गाडीच्या छपरावर डोकं टेकून रडली. लहान पोरं रडतात तशी, मोठ्यानं. "आणि मी पाचपर्यंत गेटवर थांबले होते," एवढं एकच वाक्य मला त्यातलं समजलं.

खूप वेळानं ती चाकावर येऊन बसली. क्रूझचं बटण बंद केलं. बाजी तिच्या बाजूला बघत नव्हत्या. त्यांचा उजवा पाय अजूनही जमिनीवर दाबून धरलेला होता.

"पाय वर घ्या, बाजी," वैष्णवी म्हणाली.

बाजींना पहिल्यांदा कळलं नाही.

"मांडी घाला. मला आईचा फोटो पेटीतून काढायचाय. घरापर्यंत मीच दाबणार आहे."

बाजींनी वाकून चपला काढल्या, मला मागं दिल्या आणि त्या मांडी घालून बसल्या.