वीस गुणांचं अडखळणं

संगीत महाविद्यालयात तिला सगळे पियानोबाई म्हणत. काम साधं होतं. दुसऱ्याने गायचं किंवा वाजवायचं, आणि हिने मागे पियानो धरून त्याला पडू द्यायचं नाही. एका आठवड्याच्या बदलीवर ती आली होती. ज्यांच्या जागी आली त्या बाई परत आल्याच नाहीत आणि हिला कुणी जा म्हटलं नाही. त्या आठवड्याची सव्वीस वर्षं झाली.

दर वर्षी पदव्युत्तर प्रवेशाच्या चाचण्या लागल्या, की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू होई. तिच्या मते अर्ज करणाऱ्यांच्या दोन जाती होत्या, बावळट आणि दीडशहाणे. बावळट उमेदवार तिच्यासाठी झेरॉक्स आणत आणि त्यात पानाची सगळ्यात खालची, डाव्या हाताच्या स्वरांची ओळ कापली गेलेली असे. "डाव्या हाताने काय करू मी? माशा मारू?" असं ती विचारी. दीडशहाण्यांचं दुखणं वेगळंच. भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर गुंडाळून ते येत आणि सांगत, "बाई, माझी लय जरा मोकळी असते हं." "मोकळी नव्हे, मोकाट," असं म्हणून बाई पेन्सिलीने खुणा करायला लागत. अर्जासोबतच्या उद्देशपत्रात दहांतले सात जण 'संगीत हा माझा श्वास आहे' असं लिहीत. हाच श्वास त्यांना ओळीच्या मध्यावर पुरत नसे, आणि मग बाईंना पुढची मात्रा लवकर आणून त्यांची अब्रू झाकावी लागे.

परीक्षकांविषयी तर तिला त्याहून कमी आदर होता. तीन माणसं टेबलामागे बसत आणि नाकाने कांदे सोलत. मधल्या खुर्चीतले विभागप्रमुख पंधरा वर्षांपूर्वी याच खोलीत उमेदवार म्हणून उभे होते. त्या दिवशी ते एक अख्खं कडवं विसरले होते आणि बाईंनी त्यांना असं काही पलीकडे नेलं, की त्यांना पहिला क्रमांक मिळाला. आपण काय विसरलो हे त्या गृहस्थाला आजतागायत माहीत नव्हतं. आता ते इतरांच्या स्मरणशक्तीला गुण देत होते.

मग एक परिपत्रक निघालं. परीक्षेत विद्यार्थ्यांना साथ करणाऱ्या प्रत्येकाकडे पदव्युत्तर पदवी हवी. नसेल तर निदान त्या अभ्यासक्रमाला प्रवेश तरी घेतलेला हवा, नाहीतर पुढच्या सत्रापासून सेवा समाप्त. बाईंकडे साधी पदवी होती, तीही अशी जुनी की तिच्यावरची सही उडून गेली होती. महाविद्यालयाने त्याच वर्षी साथसंगतीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम काढला होता. म्हणजे जे काम ती सव्वीस वर्षं करत होती ते आपल्याला येतं का, हे तिला त्याच खोलीत, त्याच माणसांपुढे दाखवायचं होतं.

पगाराचं तिला फारसं काही वाटलं नाही. तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा आणि दोघांचं भागत होतं. पण तिच्या घरी पियानो नव्हता. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि माणूस आडवा झाला तर अडकेल असा जिना. तिच्या आयुष्यातला एकमेव पियानो महाविद्यालयाच्या चार नंबरच्या खोलीत होता. नोकरी गेली की तो गेला. ह्या विचाराने तिला भीती वाटायची, आणि भीती वाटली की ती जास्तच तोंड सोडायची.

अर्ज नवऱ्याने कॉम्प्युटरवर भरला.

"अगं, इथे विचारलंय, पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे बघतेस?"

"पियानोच्या स्टुलावर. लिहा."

"पाचशे शब्द हवेत."

"मग स्टुलाचं वर्णन करा."

नवरा शांत माणूस. त्याने खरोखरच अर्धं पान स्टुलाविषयी लिहिलं. उंची कमीजास्त करायचा त्याचा स्क्रू कसा झिजलाय आणि तिने खाली पुठ्ठा कसा घातलाय, हेही लिहिलं. उरलेल्या जागेत 'संगीत हा माझा श्वास आहे' असं घालू का, असं त्याने विचारलं, तेव्हा तिने हातातलं भांडं आपटलं. शिफारसपत्र तिच्या साथीवर पास झालेल्या एका जुन्या विद्यार्थ्याने दिलं. तो आता दुसरीकडे शिकवत होता. त्याने लिहिलं होतं, 'उमेदवार होतकरू आहे.' वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी बाई होतकरू ठरली.

चाचणीच्या दिवशी सकाळी ती नेहमीच्याच साडीत गेली. खोलीत नेहमीचेच तिघे होते. फरक इतकाच, की आज ते तिच्याकडे बघत होते. तिने साथ करावी म्हणून एक गाणारी मुलगी उभी केली होती. मुलगी सडपातळ, घाबरलेली, बाहेरगावहून आलेली. तिचीही दुपारी गायनाच्या प्रवेशाची चाचणी होती, ह्याच तिघांपुढे. सकाळी उमेदवारांना मदत केली की दुपारी आपल्याकडे जरा बऱ्या नजरेने बघतील, असा तिचा बिचारीचा हिशेब.

तयार केलेले दोन तुकडे झाले. न पाहिलेलं पान समोर ठेवलं, तेही बाईंनी वाजवून टाकलं. मग शेवटची चाचणी आली, वीस गुणांची. नियमावलीत लिहिलं होतं, की गायिका मध्येच कुठेतरी न सांगता दोन ओळी गाळेल आणि साथीदार ते कसं सावरतो हे पाहिलं जाईल. कोणत्या ओळी गाळायच्या ते विभागप्रमुखांनी मुलीच्या कानात सांगून ठेवलं होतं.

मुलगी गायला लागली. दुसऱ्या पानाच्या सुरुवातीला तिचा खांदा किंचित वर गेला. श्वास नेहमीपेक्षा लवकर घेतला गेला. बाईंना एवढं पुरलं. मुलीच्या तोंडून पुढचा शब्द निघायच्या आत त्यांचे दोन्ही हात दोन ओळी ओलांडून गेले होते. डाव्या हाताने मधल्या मध्ये दोन स्वर असे जोडून दिले, की रचना तशीच लिहिलेली आहे असं वाटावं. गाणं संपलं.

विभागप्रमुखांनी पेन खाली ठेवलं आणि मुलीकडे बघितलं. "तुला दोन ओळी गाळायला सांगितलं होतं ना?"

"सर, मी गाळल्या."

"गाळल्या असत्यास तर आम्हाला कळलं नसतं का?"

मुलगी कावरीबावरी झाली. बाई म्हणाल्या, "गाळल्या तिने. दुसऱ्या पानावरच्या पहिल्या दोन."

टेबलामागचे तिघेही हसले. समजूतदार माणसं अडाण्याकडे बघून हसतात तसं. दर वर्षी बाहेरून येणारे पाहुणे परीक्षक म्हणाले, "बाई, तुम्ही तिची बाजू घेताय ते चांगलं आहे. पण आम्ही तिघं इथे बसलोय." तिसऱ्या परीक्षक सकाळपासून मोबाइलवर होत्या, त्यांनीही मान हलवली. तिघांपुढेही तेच पान उघडं होतं. एकानेही त्यावर बोट ठेवून ऐकलं नव्हतं.

"तसे शून्यच द्यावे लागतील," विभागप्रमुख म्हणाले, "पण चूक तुमची नाही. पुन्हा एकदा घेऊ. आणि तू, ह्या वेळी नीट गाळ."

बाईंनी हात मांडीवर ठेवले. ह्या वेळीही त्यांनी सावरलं तर ह्या तिघांना ह्या वेळीही काही ऐकू येणार नव्हतं. पुन्हा शून्य. वीस गुण गेले की प्रवेश गेला, प्रवेश गेला की चार नंबरची खोली गेली. असल्या बहिऱ्या लोकांच्या हाती आपला पियानो आहे, ह्याचा बाईंना इतका संताप आला की कानशिलं गरम झाली.

मुलगी पुन्हा गायला लागली. दुसरं पान आलं, खांदा वर गेला, श्वास लवकर घेतला गेला. बाईंना सगळं दिसलं. आणि तरी त्या पानावर लिहिलेल्याच ओळी वाजवत राहिल्या. सूर एकमेकांवर आपटले. बाईंनी हात वर उचलले, डोळे मोठे करून मुलीकडे पाहिलं, पान फाडकन उलटलं, परत उलटलं, एक चुकीचा स्वरमेळ दणकन वाजवला, चाचपडल्या, आणि मग जणू बुडता बुडता काठ सापडल्यासारख्या मुलीला येऊन मिळाल्या. शेवटचा स्वर त्यांनी गरजेपेक्षा लांबवला आणि कपाळ पुसलं. कपाळाला घाम नव्हता.

"वा!" पाहुणे परीक्षक खुर्चीत पुढे सरकले. "काय सावरलंत हो!"

"ह्याला म्हणतात प्रसंगावधान," विभागप्रमुख म्हणाले. मोबाइलवाल्या बाईंनी तर टाळीही वाजवली. वीसपैकी एकोणीस गुण मिळाले. एक गुण पानाच्या आवाजासाठी कापला. प्रवेश तिथल्या तिथे नक्की झाला, आणि जाता जाता विभागप्रमुखांनी मुलीला सांगितलं, "दुपारी जरा सांभाळ हं. शेवटी शेवटी तुझा सूर हलला."

बाहेर व्हरांड्यात पाण्याच्या नळाजवळ मुलगी उभी होती. डोळे भरून आले होते.

"बाई, माझं काय चुकलं? दोन्ही वेळा मी तिथेच गाळलं. पहिल्या वेळी तुम्ही किती छान आलात माझ्याबरोबर. दुसऱ्या वेळी मी लवकर आले का?"

दुसरी कुणी असती तर 'हो, जरा लवकर आलीस' म्हणून मोकळी झाली असती. बाईंच्या जिभेला ते जमलं नाही.

"तुझं काही चुकलं नाही. मी मुद्दाम चुकले."

"मुद्दाम? का?"

"बरोबर वाजवलेलं त्यांना ऐकू येत नाही म्हणून. चुकून सावरलं की मग त्यांना वाटतं, हिला सावरता येतं. सव्वीस वर्षं ज्या नाटक्यांना मी नावं ठेवली, त्यांच्यापेक्षा मोठं नाटक केलं मी आत. लाज वाटतेय मला. पण पियानो हवा होता."

मुलीने ओढणीने डोळे कोरडे केले. चेहऱ्यावरची भीती हळूहळू गेली आणि तिथे बाईंच्या चांगल्या ओळखीचा एक शहाणपणा आला.

"बाई, मग दुपारी मीही तसंच करू? मधे कुठेतरी विसरल्यासारखं करते आणि मग उचलते. पियानोवर तुम्हीच आहात ना?"

"काही नको. तू मुकाट्याने नीट गा," बाई म्हणाल्या. हे सांगायला आपल्याला आता तोंड राहिलेलं नाही, हे त्यांना बोलता बोलताच कळलं. मुलीलाही ते कळलेलं दिसलं. ती "बरं" म्हणाली, आणि पर्समधून पेन्सिल काढून आपल्या पानावर एका ठिकाणी बारीकशी फुली मारू लागली.