पायाळूचे हात

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेली. शहरात हे सांगितलं की लोक विचारतात, 'अरे बापरे, आई बरी होती ना?' आमच्या श्रीगोंद्याकडे सांगितलं की लोक पाठ करून उभे राहतात. उसण भरली, कंबर धरली, की तिथं पायाळू माणसाचा पाय लावायचा, दुखणं जातं, असं आमच्याकडे पक्कं ठरलेलं आहे. मी पाच वर्षांची असल्यापासून, काष्टीच्या बाजारात गोण्या चढवून वाकडे झालेले बाप्ये आमच्या ओट्यावर येऊन पालथे पडायचे आणि आई मला खेळातून ओढून आणायची. डावा पाय, तीन वेळा, कमरेवर. मग त्याच माणसाच्या पाया पडायचं, कारण मोठ्यांना पाय लागला की पाप. बदल्यात एखादा पेरू नाहीतर बत्तासे मिळायचे.

लग्न ठरवताना सासऱ्यांनी माझी बारावी ऐकून मान हलवली आणि पायाळू आहे म्हटल्यावर खुशीत मांडी बदलली. आमच्यात सून सासऱ्यांना मामा म्हणते, म्हणून मीही मामाच म्हणते. मामांना घरात फुकटचं औषध आल्यासारखं झालं. त्यांच्या पाठीवर मी किती वेळा पाय दिला असेल, मोजदाद नाही. डोक्यावर पदर घ्यायचा, पाय द्यायचा, पाया पडायचं आणि चुलीकडं पळायचं.

आता खरं सांगायचं तर माझा माझ्या पायावर कधी पुरता विश्वास नव्हता. निम्मी माणसं बरी व्हायची. उरलेली निम्मी तिसऱ्या दिवशी परत यायची, आणि तेव्हा लोक म्हणायचे, 'अमावास्या जवळ आली असंल.' त्या पाठीत नेमकं काय बिघडलंय हे कुणाला विचारावंसंच वाटत नव्हतं. मला वाटायचं. धाकटा शाळेत जायला लागला आणि मोबाईलवर एक जाहिरात दिसली: नगरला शरीररचना, हालचाल आणि मालिश शिकवणारा सहा महिन्यांचा कोर्स, आठवड्यातून दोन दिवस. मी फी भरून आले आणि मग घरी सांगितलं.

नवरा म्हणाला, "तुझ्या मामांना तूच सांग बाई, मला मधी घालू नको." सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मामा मात्र जेवता जेवता थांबले.

"परक्या बाप्यांच्या अंगाला हात लावाया शिकनार व्हय?"

"मामा, पाचव्या वर्षापासून अख्ख्या गावच्या बाप्यांच्या पाठीवर पाय देतेय. तेव्हा ते परके नव्हते का?"

"पायाचं येगळं."

"काय वेगळं?"

"पायाचं द्येवाचं हाय," ते म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडला. मग बजावलं, "जायचं तर जा. पन घरात कुनाला हात लावायचा न्हाई, गावात तर न्हाईच. मानसं नावं ठेवाया लागली की नगर बंद."

मी "बघू" म्हणाले. हो म्हणाले नाही, हे लक्षात ठेवा.

बोर्डावर आता अहिल्यानगर लिहिलंय, पण कंडक्टर अजून नगर म्हणूनच तिकीट फाडतो. त्या एसटीत बसून मी मणक्यांची नावं पाठ केली. शेजारच्या बाईला वाटायचं मी जप करतेय, ती पाय आखडून घ्यायची. क्लासमध्ये आम्ही अकरा जणी आणि चार पुरुष, आणि कोपऱ्यात टांगलेला प्लास्टिकचा सांगाडा. मॅडम फिजिओथेरपिस्ट होत्या, आवाज खणखणीत. प्रात्यक्षिकाच्या पहिल्याच दिवशी एक मुलगी टेबलावर पालथी झोपली आणि मॅडम मला म्हणाल्या, "हिची कंबर दुखतेय असं समज. कर सुरुवात."

आणि मी काय करावं? चप्पल काढली, टेबलाची कड धरली आणि डावा पाय उचलला!

सगळ्या वर्गात हशा फुटला. टेबलावरची मुलगी हसून हसून गडाबडा लोळायला लागली. माझे कान लाल. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. "पाय खाली," म्हणाल्या. मग मला सगळं सांगायला लावलं, पाच वर्षांपासूनचं. ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाय देण्याआधी त्या माणसाला तू काय विचारायचीस?" मी म्हटलं, काहीच नाही. "इथं आधी विचारायचं. मग बघायचं. मग हात. आणि कुठं हात लावायचाच नाही, ते सगळ्यात आधी पाठ करायचं."

ते मी पाठ केलं. असं पाठ केलं की झोपेतून उठवून विचारा. कंबरेचं दुखणं पायात उतरतंय का, पाऊल बधिर आहे का, पायाचा अंगठा वर उचलता येतो का. नाही येत? मग मालिश नाही, दाबणं नाही, थेट डॉक्टर. सरावाला माणूस मिळेना, कारण मामांचा कायदा. नवऱ्यावर खोलीचं दार लावून सराव केला. पोरांचे खांदे चाचपले. धार काढताना म्हशीचे मणके मोजले, तिनं फक्त एकदा शेपटी मारली.

तीन महिने झाले असतील. मामा विहिरीतली मोटर वर ओढायला गेले. चार माणसं होती, पण यांना पुढं होऊन जोर लावायचा होता. कंबरेत अशी चमक भरली की जागीच बसले. दोघांनी खांद्यावर हात घेऊन दुपारी ओट्यावर आणलं. मागून गल्लीतले पाच-सहा जण आलेच. मामा ओठ चावत पालथे झाले आणि म्हणाले, "पोरी, लाव पाय."

मी पुढं झाले, आणि दिसलं की त्यांच्या डाव्या पायात चप्पलच नाही. मागं वळून बघितलं तर ती वाटेत, गोठ्याशी पडलेली. ती निसटली हे त्यांना कळलंसुद्धा नव्हतं.



"मामा, सरळ व्हा. दोन्ही पायांचे अंगठे वर करा."

"आगं पाय लाव म्हनतो तर अंगठं काय बघती?"

"करा म्हणते ना!"

माझा आवाज असा चढलेला कुणी ऐकला नव्हता. त्यांना आधार देऊन सरळ केलं. उजवा अंगठा ताठ उभा राहिला. डावा जागचा हलला नाही. मामा त्याच्याकडं बघत राहिले.

"मी पाय लावणार नाही," मी म्हटलं.

 मग सासूबाई, "लाव की गं बाई, तुझं काय जातंय?" मग शेजारचे तात्या, "शिकली म्हंजी लई मोटी झाली व्हय?" आणि मामा, दात आवळून, "लावती का न्हाई? न्हाई लावला तर उद्यापास्नं नगर बंद."

 तीन महिन्यांची शिकाऊ मी. चुकले असते तर जन्मभर ऐकावं लागलं असतं. आणि बरोबर निघाले तरी कोर्स बुडणारच होता. पण तो अंगठा मला दिसत होता.

"बंद तर बंद," मी म्हटलं. "पण पाय लागणार नाही. आणि दुसऱ्या कुणी लावला, तर त्याची गाठ माझ्याशी."

आणि सगळ्यांच्या समोर खाली बसून मी सासऱ्यांचं डावं पाऊल दोन्ही हातांत घेतलं. "ढकला माझा हात." त्यांनी जीव खाऊन ढकललं असावं, कपाळावर घाम आला. माझ्या तळहाताला काहीच लागलं नाही. मी नवऱ्याला फोन लावला, "टेम्पो घेऊन या, आत्ताच्या आत्ता." गादी टाकली, गुडघ्यांखाली उशी दिली आणि नगर गाठलं.

मणक्यातली गादी सरकून शीर दबली होती. ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं, "घरी कुणी तुडवलं-बिडवलं नाही ना? गावाकडं करतात." मी म्हटलं, "नाही." मामा छताकडं बघत होते. पाय लावला असता तर काय झालं असतं, मला माहीत नाही. मला फक्त एवढं माहीत होतं की आंधळेपणानं पाय द्यायचे दिवस माझ्यापुरते संपलेत. अंगठ्याबद्दल डॉक्टर नक्की सांगेनात. येईल, कदाचित अर्धाच येईल, व्यायाम सोडू नका.

घरी आलो तर गावानं निकाल लावूनच ठेवलेला. शिकल्यामुळं हिच्या पायाचा गुण गेला! भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मामा स्वतः तेच सांगायचे, खाटेवर पडल्या पडल्या. "ग्येला गुन तिचा. नायतर कशाला फाडून घ्यावं लागलं असतं?" एकदा पोळ्या लाटताना ते कानावर पडलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लाटणं हातात घेऊनच बाहेर आले.

"गेला तर गेला! बरं झालं गेला. आता कंबर धरली तर या, आधी मी विचारीन, मग बघीन, मग हात लावीन. पटत नसेल त्यानं दुसरा पायाळू शोधावा."

पाहुण्यांनी चहा अर्धा ठेवला. मामांनी भिंतीकडं तोंड केलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांचा पाय हातात घेतला तेव्हा तो ओढून घेतला नाही. मग मी तो रोज हातात घेतला. पाऊल वर, खाली, घोटा गोल.  घरात हात लावायचा नाही हा कायदा रोज सकाळी खाटेवर मोडत होता आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं. शेवटी मी म्हणायची, "अंगठा वर करा." ते म्हणायचे, "न्हाई व्हत." झालं, दिवस सुरू.

आणि नगर? मी कुणाला विचारलंच नाही. ज्या दिवशी क्लास त्या दिवशी पिशवी उचलायची आणि निघायचं. मामा पाठीमागून खाकरायचे, मी थांबायची नाही.

शेवटच्या परीक्षेच्या दिवशी गडबडीत त्यांचा व्यायाम राहून गेला. पिशवी खांद्याला लावून मी उंबऱ्याबाहेर पाय टाकला, तोच हाक आली, "थांब."

म्हटलं झालं, आज भांडण. कंबरेवर हात ठेवून वळले. मामा खाटेवर बसलेले, धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलेलं, डावा पाय पुढं पसरलेला. माझ्याकडं बघत नव्हते, गोठ्याकडं बघत होते. आणि अंगठा हळूहळू, थरथरत, वर आला.

"बघितलास नव्हं?" ते म्हणाले. "मंग जा आता. एष्टी चुकंल."