जिंकलेल्या बाजूची हरकत

गादीवाले सर शाळेत रुजू झाले ते भूगोल शिकवायला. शाळेत कुस्ती नाही, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात खुपलं. मुख्याध्यापकांचं डोकं खाऊन खाऊन त्यांनी मोडक्या बाकांची खोली रिकामी करून घेतली, घरोघरच्या फाटक्या गाद्या गोळा केल्या, आणि बायकोने त्यांना जाड कापडाची एक अखंड खोळ शिवून दिली. सुया किती मोडल्या ते तिलाच ठाऊक. नाव तिथूनच चिकटलं. पुढे आसपासच्या शाळांच्या हातापाया पडून त्यांनी स्पर्धा उभी केली, पंच मिळेनात म्हणून स्वतःच्या गळ्यात शिट्टी अडकवली, आणि एकट्याने निभेना म्हणून माणसं धरून धरून पंच घडवले. चौतीस वर्षं हाच उद्योग. अधूनमधून भूगोलही शिकवला म्हणे.

त्या पंचांत त्यांची मुलगीही होती. मुलीच्या हाती शिट्टी बघून काहींनी नाकं मुरडली, तेव्हा सर कुणाशी भांडले नाहीत. तिला मात्र त्यांनी आणखी दोन वर्षं लहान मुलांच्या कुस्त्यांवर घासून घेतलं.

सरांच्या निवृत्तीच्या वर्षी त्यांचा पठ्ठ्या अंतिम कुस्तीत पोचला आणि नेमका त्याच सकाळी नेमलेल्या पंचाचा पाय जिन्यात मुरगळला. मोकळी होती ती सरांची मुलगी एकटीच. समोरच्या शाळेच्या प्रशिक्षकाने सगळ्यांदेखत ऐकवलं, "म्हणजे घरचंच कार्य झालं की!" आज निकालावर बोट उठलं, तर पुन्हा कुणी तिला गादीवर उभं करणार नव्हतं.

कुस्ती रंगली. शेवटच्या मिनिटाला सरांच्या पठ्ठ्याने समोरच्याला उलथवलं. ती झटकन पालथी पडली, गाल गादीला लावला आणि खांद्यांखालची फट बघितली. फट मिटली. दोन्ही खांदे टेकले होते. तिने तळहात गादीवर आपटला आणि शिट्टी फुंकली.

समोरच्या बाकांवरून एकच गिल्ला उठला, "शेवटी बापाचीच पोरगी!"

तेवढ्यात सर उठले. पठ्ठ्या मिठी मारायला धावत आला, त्याला बाजूला सारून ते थेट मुख्य पंचांच्या टेबलाशी गेले.

"मला निकालावर हरकत घ्यायचीय."

"अहो सर, जिंकलाय तुमचाच पोरगा!"

"जिंकलेल्याने हरकत घेऊ नये, असं कुठे लिहिलंय? नियम मीच लिहिलेत. बाजूच्या पंचांना विचारा."

बाकीच्यांनी घेतलेला संशय तिने गिळला असता, पण बाबांनी?

बाजूच्या दोन्ही पंचांना वेगवेगळं बोलावून विचारलं. दोघांचंही उत्तर एकच, खांदे टेकले, निकाल बरोबर. गिल्ला विरला. समोरचा प्रशिक्षक खाली मान घालून आला आणि तिच्याशी हात मिळवून गेला.

कपडे बदलायच्या खोलीबाहेर तिने वडिलांना गाठलं. "बाबा, तुमचाही माझ्यावर विश्वास नव्हता?"

"तसं नाही गं. लोकांची तोंडं बंद व्हायला हवी होती. आणि खरं सांगू? खांदे टेकलेले मी पाहिलेच नाहीत."

"समोर तर बसला होतात!"

सरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने उगीचच पुसत राहिले.

"चौतीस वर्षांत खांद्यांवरची नजर कधी हलली नाही माझी. आज तू गादीवर पालथी पडलीस, आणि मी तुझ्याकडेच बघत राहिलो."