कुंकू लागलेलं तिकीट

मला विमानाचा राग आहे. आकाशात आवाज आला की लोक मान वर करतात, मी खाली घालते. विमानाचा बिचाऱ्याचा काही दोष नाही, हे मलाही कळतं. दोष ज्याचा, तो काचेमागं बसून बसून केव्हाच रिटायर झाला असेल, कुठंतरी आरामात पेन्शन खात असेल. म्हणून राग विमानावर.

आम्ही तेव्हा नागपूरजवळ खापरखेड्याला वीजकेंद्राच्या कॉलनीत राहायचो. बाबा तिथं फिटर होते. एकदा ड्युटीवर पाना निसटला आणि उजव्या डोळ्याखाली लागला. वरून डोळा चांगलाच दिसत होता, पण बाबा म्हणायला लागले, "डोळ्यापुढं काळा पडदा ओढल्यासारखा वाटून राहिला." नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आतला पडदा सुटतोय, ऑपरेशन मुंबईतच होईल. तारीख पुढची मिळाली. तोवर पडून राहायचं, नजर हलू नये म्हणून दोन्ही डोळ्यांवर पट्टी, आणि डोकं खाली करून वाकायचं अजिबात नाही. रेल्वेचे धक्के तर नकोतच. विमानानं न्या, म्हणाले.

विमानानं! आमच्या घरातलं कोणी फर्स्ट क्लासच्या डब्यातही कधी चढलं नव्हतं. मी सीताबर्डीच्या एका कचेरीत टायपिस्ट होते. घरात होतं नव्हतं ते गोळा केलं, हॉस्पिटलचा खर्च बाजूला ठेवला, आणि उरलं त्यात एकच तिकीट बसलं. बाबांचं. आईनं आदल्या दिवशी मामासोबत रेल्वेनं पुढं जायचं आणि मुंबईच्या विमानतळावर बाबांना घ्यायला उभं राहायचं, असं ठरलं.

आईच्या जिवाला मात्र स्वस्थता नव्हती. बाबा एरवी कोणाच्या बापाला न भिणारे, पण पट्टी बांधल्यापासून पार लहान मुलासारखे झाले होते. "अवं, आहेस का?" असं सारखं विचारायचे. "आहो जी, इथंच आहो," असा आईचा आवाज आला की निवायचे. ती जरा नळावर गेली तरी हातानं अंथरूण चाचपायचे, उठून बसायचे, मान इकडंतिकडं करायचे. आई मला म्हणायची, "विमानात हा माणूस एकटा कसा बसंन वं?" तेवढीच एक काळजी तिला खात होती.

तिकीट घरी आणलं, तेव्हा आईनं ते आधी देवापुढं ठेवलं. आमच्याकडं नवीन काही आलं की त्याला हळदकुंकू लागतंच. टेबलफॅन आला, त्याच्या जाळीला लागलं. सायकल आली, तिच्या हँडलला लागलं. हे तर आकाशातून नेणारं तिकीट! आईनं ते पातळ कागदांचं पुस्तक उघडून पहिल्याच पानावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, अक्षता वाहिल्या आणि बाबांना म्हणाली, "झालं जी. आता सुखरूप जासान."

पुढच्याच आठवड्यात कचेरीतल्या पेपरात एक बातमी दिसली. ऑपरेशनसाठी जाणाऱ्या रोग्याला डॉक्टरच्या चिठ्ठीवर विमानाचं अर्धं भाडं, आणि सोबतच्या एका माणसालाही अर्धं. मी ती पुन्हा पुन्हा वाचली. म्हणजे आम्ही ज्या पैशात एकट्या बाबांचं तिकीट काढलं, त्याच पैशात आता दोघं जात होते! घरी जाऊन सांगितलं तर आईनं लगेच ठेवणीतलं पातळ काढलं. "मी खिडकीशी नाई बसत जी, मले चक्कर येईन," म्हणाली. पट्टी बांधल्यापासून बाबा पहिल्यांदा हसले.

मी तिकीट आणि चिठ्ठी घेऊन विमान कंपनीच्या कचेरीत गेले. काचेमागच्या टायवाल्या माणसानं आधी चांगलंच सांगितलं. जुन्या तिकिटाला सवलत लागू नाही, पण ते परत करा, दिवस हातात आहेत म्हणून काही कापणार नाही, त्याच पैशात नवी दोन काढा, जागा आहेत. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यानं तिकीट उघडलं. अक्षतांचा एक दाणा त्याच्या टेबलावर पडला.

"हे काय केलंय?"

"कुंकू आहे."

"ते दिसतंय मला. हे कंपनीचं तिकीट आहे बाई, देव्हारा नाही. खराब केलेलं तिकीट परत घेत नाही. तसा नियम आहे."

"मग याच्यावर विमानात बसता येईल का?"

"बसता येईल. पैसे परत मिळणार नाहीत."

घ्या! म्हणजे विमानात चढायला तिकीट चांगलं, आणि पैसे द्यायची वेळ आली की खराब! मी म्हटलं, नाव वाचता येतं, नंबर वाचता येतो, तारीख दिसते, मग खराब काय झालं यात? माझ्या मागं एक सफारीवाला उभा होता. तो दात काढून म्हणाला, "पहली बार जा रहे होंगे." मी वळून म्हटलं, "हो, पहिल्यांदाच जाऊन राहिलो. तुम्ही काय आईच्या पोटातून विमानानं आले का?" त्याचे दात मिटले, पण काचेमागच्याला तेवढंच निमित्त पुरलं. "आरडाओरडा करायचा असेल तर बाहेर," म्हणाला आणि तिकीट खिडकीतून असं सरकवलं, जशी काही बोटाला घाण लागणार होती.

त्यानंतर मी रोज मधल्या सुट्टीत तिथं जायची. साहेबांना भेटू द्या म्हणायची. साहेब जेवायला गेलेत, साहेब दौऱ्यावर आहेत, साहेब आज येणार नाहीत. तो साहेब मी जन्मात पाहिला नाही. घरी आई ओल्या पदरानं कुंकू पुसायला निघाली, तेव्हा अक्षरं फिसकटतील म्हणून मी तिच्या हातातून तिकीट हिसकून घेतलं. ती म्हणाली, "माह्याच हातानं केलं वं मी." ठेवणीतलं पातळ नेसून ती मामासोबत रेल्वेनं गेली. जाताना स्वतःची सुपारीची डबी बाबांच्या मुठीत दिली. "हे धरून ठेवा. मीच आहो समजा."

मी बाबांना सोनेगावच्या विमानतळावर नेलं. हवाईसुंदरी भली होती, दंड धरून तिनं त्यांना नेलं. पायरीशी बाबा थबकले आणि मान वळवून त्यांनी उगाच विचारलं, "आली का वं तुही आई?"

विमानात डबी मुठीतून सुटली. खाली पडली, गडगडत सीटखाली गेली. बाबा वाकले. डोकं पार गुडघ्यांखाली घालून दोन्ही हातांनी शोधत राहिले. मुंबईच्या डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा बाबांनीच हे सांगितलं. ऑपरेशन झालं, पण उजवा डोळा गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, एरवीही गेला असता, कोण सांगणार? आईनं ते ऐकलंच नाही. "माह्या कुंकवानं यांचा डोळा गेला," एवढंच तिनं धरून ठेवलं.

त्यानंतर आईनं कुठल्या नव्या वस्तूला कुंकू लावलं नाही. माझ्या लग्नपत्रिकेला मावशीनं लावलं. आईबाबांनी नागपूरच्या नंदनवन वस्तीत घर घेतलं, त्याच्या उंबऱ्याला शेजारणीनं लावलं. आई मागं उभी राहायची, हात पदरात गुंडाळून.

पुढं काही वर्षांनी आमच्या साहेबांचं तिकीट रद्द करायला मी त्याच कचेरीत गेले. काचेमागं नवा पोरगेला कारकून होता. माझ्या पुढं इतवारीतला एक व्यापारी उभा होता, आणि त्याच्या तिकिटावर हळदकुंकवाचा नुसता सडा. कारकुनानं ते झटकलं, पान फाडून घेतलं, शिक्का मारला आणि पैसे दिले. मी विचारलं, "हे चालतं?"

"नागपुरात निम्म्या तिकिटांना कुंकू असतं बाई. नंबर वाचता आला की झालं."

"पूर्वी नियम होता ना?"

"कधीच नव्हता."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. नियमच नव्हता! एका माणसाला कुंकवाची किळस आली आणि त्या डागाबद्दल दोन शब्द लिहायचा कंटाळा आला, बस. आणि फाशी कोणाला, तर माझ्या आईला. साहेबांचं काम तसंच टाकून मी रिक्षानं थेट नंदनवन गाठलं.

बाबा खाटेवर बसले होते, आई खाली तांदूळ निवडत होती. मी दारातूनच ओरडले, "तुझा काही दोष नव्हता वं आई! असा नियमच नव्हता, त्या मेल्यानं खोटं सांगितलं." मला वाटलं, तिच्या छातीवरचा धोंडा उतरेल. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"म्हंजे मले यांच्या शेजारी बसता आलं असतं?"

"हो."

"मंग कायले सांगतलं वं मले? माह्या हातून झालं म्हणून मी गप तं बसली होती."

बाबांनी उजवीकडं, जिकडचं त्यांना दिसत नव्हतं तिकडं, हात लांब करून खाट चाचपली. आई उठली आणि त्या बाजूला जाऊन बसली.

"आहो जी," ती म्हणाली.