सासूबाई कामशेतच्या आभाळात

तळेगावात राहणारी माणसं लोणावळ्याला जात नाहीत, पाहुण्यांना नेतात. पाहुणे पॉइंट बघून येतात, आपण पार्किंग शोधत फिरतो आणि परतताना चिक्कीच्या रांगेत उभे राहतो. लग्नाला बारा वर्षं झाली, माझं लोणावळा बरंचसं गाडीच्या काचेतूनच बघून झालंय. त्यामुळे जानेवारीत माझ्या नवऱ्याने, मंदारने, एका रिसॉर्टची जाहिरात दाखवून "आपणच पाहुणे होऊन जाऊ" असं म्हटल्यावर मी लगेच बॅग भरली. जाहिरातीत लिहिलं होतं, 'निसर्ग, बाराही महिने.'

आम्ही तिघं गेलो. तिसऱ्या माझ्या सासूबाई. वय सत्तर, पोस्टाच्या काउंटरवरून निवृत्त, तब्येत खुटखुटीत. पण गेल्या वर्षी त्या बाथरूममध्ये घसरल्या. लागलं काहीच नाही, पण तेव्हापासून मंदार त्यांना काचेच्या बरणीसारखा जपतो. भाजी आणायला जायचं नाही, गच्चीवर चढायचं नाही. त्यांच्या भजनाच्या मैत्रिणीसुद्धा आता आमच्याकडेच येतात. आई, म्हणजे सासूबाई, हसून सोडून देत, पण अलीकडे त्या खिडकीत फार वेळ बसू लागल्या होत्या.

जुन्या हायवेने आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी लवकर निघालात, तर तळेगावहून लोणावळा अगदी जवळ आहे. आम्ही शनिवारी नाश्ता करून निघालो. वडगाव, कान्हे फाटा, कामशेत छान पार पडलं, मग कार्ल्यापासून पुढे पुण्या-मुंबईचं ट्रॅफिक एकमेकांना भेटायला आलं होतं.

रिसॉर्टवरचा निसर्ग खरोखर बाराही महिने चालणारा होता, कारण तो मोटारीवर चालत होता. धबधबा नाश्त्यानंतर सुरू करत आणि जेवणाआधी बंद. एक गृहस्थ खालून ओरडले, "जरा जोरात सोडा ना, रील काढतोय!" मी मॅनेजरना विचारलं, "इथे खरा धबधबा नाही का?"

"आहे ना मॅडम, मागच्या बाजूला. पावसाळ्यात जबरदस्त असतो."

"मग पावसाळ्यात यायला हवं."

"पावसाळ्यात तो बंद असतो. घसरतं तिथे."

'गावाकडचा अनुभव' म्हणून बैलगाडी होती. ती पार्किंगला वळसा घालून परत यायची, आणि गाडीवान मोबाइलवर बोलता बोलता धोतर सावरत होते. झिपलाइन होती, दोरीचा पूल होता, तळ्यात होड्या होत्या. आई प्रत्येक ठिकाणी दोन पावलं पुढे व्हायच्या आणि मंदार म्हणायचा, "आई, तुला झेपणार नाही." दुपारपर्यंत त्यांच्या वाट्याला एकच ॲक्टिव्हिटी आली, बाकावर बसून आमच्या चपला आणि फोन सांभाळायची. जेवताना पिठलं-भाकरी 'चुलीवरची' होती, चूलही होती समोर, फक्त पेटवलेली नव्हती. भाकरी मात्र उत्तम, हे सांगायलाच हवं.

रविवारी परतीच्या वाटेवर कामशेतला थांबलो. इथे हिवाळ्यात पॅराग्लायडिंग जोरात चालतं. पायलटला बांधून घेऊन दोघांनी उडायचं. मंदारने स्वतःसाठी बुकिंग केलं होतं. जीप बरीच वरपर्यंत जाते, पुढे थोडी चढण. टेकडीवर पोचून मंदारने गॉगल लावला, हेल्मेट घातलं, माझ्याकडून फोटो काढून घेतले. मग तासभर वारा येईना. आला तेव्हा पायलट संदेश, तिथल्याच गावचा, त्याच्याकडे नीट बघत म्हणाला, "साहेब, वारा हलका हाय. या वाऱ्यात तुमी न्हाई चालणार."

"म्हणजे?"

"वजन. हलकं माणूस लागंल."

मी दोन पावलं मागे सरकले. तेवढ्यात आई बाकावरून उठल्या, म्हणजे तिथे दगड होता, त्यावरून. "मी हलकी आहे," त्या म्हणाल्या.

संदेशने रीतसर विचारलं, "आजी, बीपी, शुगर, हाडांचं काही?"

"बीपी नाही, शुगर नाही. मुलगा आहे."

मंदार "आई, अगं" एवढंच म्हणेपर्यंत त्यांनी पदर खोचून माझी ट्रॅक पँट मागितली. जीपच्या आड बदलूनही आल्या. आणि मग मी जे पाहिलं ते असं, की चार पावलं धावून आमच्या सासूबाई टेकडीवरून गेल्या. आवाज नाही, किंकाळी नाही. पवना धरणाच्या बाजूला लालभडक छत्री शांतपणे वळली.

थोड्या वेळाने वारा फिरला. छत्री उतरायच्या मैदानाकडे न जाता पलीकडच्या शेतांवर सरकू लागली. मंदार पांढऱ्याफटक चेहऱ्याने, निळा शर्ट फडफडवत, उतारावरून सरळ पळत सुटला. छत्री खाली खाली होत झाडांमागे दिसेनाशी झाली, तशी मी जीपने रस्त्याने गेले.

पोचले तेव्हा हरभऱ्याच्या रानात छत्री पसरली होती आणि शेतमालकीण कमरेवर हात ठेवून संदेशला झाडत होत्या. "ह्ये पाखरू दर येळी माज्याच रानात कसं पडतंय?"

"काकू, वारा फिरला."

"वारा तुजा, हरबरा माजा!" मग त्यांना आई दिसल्या. "अगं बया! मावशी, लागलं का कुटं?"

"नाही गं. तुझा हरभरा मात्र मोडला."

"त्येचं ह्यो बगंल. वय काय तुमचं?"

"सत्तर."

"अन् पोरानं तुमाला वर धाडलं?"

"त्याला नाही घेतलं, म्हणून मी गेले."

बाई इतक्या हसल्या की बांधावर बसल्याच. आईंना त्यांनी पाणी दिलं, हरभऱ्याचे डहाळे दिले. संदेशने नुकसानाचं बोलून घेतलं. मग बांध ओलांडून मंदार आला, विजार चिखलाने माखलेली, लंगडत. वाटेत तो पाटात पडला होता. आमच्या सहलीत जखमी झालेला तो एकटाच.

"आई, तू ठीक आहेस ना?"

"मी ठीक आहे रे. तू बस आधी."

जाणार असाल तर सांगते, हिवाळ्यात जा, दुपारआधी जा, आणि वारा नाही म्हटलं तर नाही समजा. व्हिडिओचे पैसे वेगळे असतात. आम्ही व्हिडिओ घेतलाच नाही, कारण मंदारच्या उड्डाणासाठी ठरवलेला हेल्मेटवरचा कॅमेरा मंदारच्याच डोक्यावर राहिला होता. त्यात फक्त धापा टाकण्याचा आवाज आणि पळणारी ढेकळं आहेत.

घरी पोचल्यावर वरण-भात लावला. मी आईंना विचारलं, "वरून काय काय दिसलं?"

"धरण दिसलं. रेल्वे अगदी खेळण्यातल्यासारखी," त्या म्हणाल्या. "आणि खाली एक निळा ठिपका पळत होता. आधी ओळखलंच नाही. मग ओळखलं. इतका जीव घाबरला म्हणून सांगू. म्हटलं, एवढा कशाला पळतोय हा, पडेल कुठेतरी."

मंदार गुडघ्याला मलम चोळत होता.

"दुखतंय का फार?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता गच्चीतले वाळत घातलेले कपडे आणायला जिना चढून गेल्या. तो अडवायला उठला नाही.