नाल्यावरचे कॅमेरे

माझ्या हातून उघडकीस आलेल्या बहुतेक चोऱ्या मी विसरून गेलो आहे. हिंगणीच्या पलीकडच्या जंगलातली एक मात्र डोक्यातून जात नाही. त्या तपासाबद्दल माझा सत्कारही झाला होता.

मी तेव्हा त्या भागात ठाणेदार होतो. एक शहरी संशोधन संस्था, वन खातं आणि जंगलाच्या कडेच्या एका गावातली शाळा यांनी मिळून वाघांच्या अभ्यासाचा प्रकल्प चालवला होता. झाडांना कॅमेरे बांधलेले असत. समोरून काही हललं की फोटो निघायचा. ते फोटो शाळेत मुलांना दाखवून प्राण्यांची माहिती देत. काम चांगलंच होतं, हे आजही म्हणेन.

एका सकाळी प्रकल्पाचा पर्यवेक्षक फिर्याद घेऊन आला. नाल्याकाठचे चार कॅमेरे चोरीला गेले होते. सोबत संस्थेच्या छापील कागदावर पत्र, त्यावर शिक्का. शिकारी टोळीचा संशय होता. मी लगेच गुन्हा दाखल केला, घटनास्थळाचा पंचनामा केला. कॅमेरे बांधायचे पट्टे कोयत्याने कापलेले होते.

दुसऱ्या दिवशी बसस्टँडवरच्या चहावाल्याने खबर दिली. "साहेब, प्रकल्पावर गावातला जो माणूस कामाले हाय ना, त्याचं अन् पर्यवेक्षकाचं लई भांडण झालतं. कॉलर धरली होती त्यानं."

तो माणूस चाळिशीचा, जंगलाची वाट न् वाट माहीत असलेला. कॅमेरे त्यानेच बांधले होते. मी त्याला उचलून आणलं.

"भांडण काऊन झालं?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

"झालं असंच."

"कॅमेरे कुठं हायेत?"

"मले नाई माहीत, साहेब."

दोन दिवस हेच. खोटं बोलणारा माणूस सहसा खूप बोलतो. हा बोलतच नव्हता. ते माझ्या लक्षात आलं होतं, तरीही मी जमादाराला खूण केली आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. आतून पट्ट्याचा आवाज येत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक बाई डोक्यावर पोतं घेऊन ठाण्यात आली. शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवणारी. तिने पोतं माझ्या टेबलासमोर उतरवलं. आत चारही कॅमेरे, ठेचून फोडलेले.

"याले सोडा. मीच काढले. याले काऊन मारून राह्यले तुम्ही?"

मी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही. उभ्या उभ्याच बोलली.

"त्या नाल्यावर आम्ही बाया पयलेपासून आंघोळीले जातो. झाडाले डबा बांधला हे कोणाले माहीत? माहा फोटू निघाला. त्या पर्यवेक्षकानं मोबाईलवर घेतला अन् गावभर फिरवला. माह्या पोराले शाळेत दाखवला, साहेब. वाघाचे फोटू काढा ना! बाईचा काऊन ठेवता?"

भांडणाचं कारण हेच होतं. गावच्या त्या माणसाने पर्यवेक्षकाला जाब विचारला होता. ठाण्यात मार खाल्ला, पण बाईची बदनामी नको म्हणून तोंड उघडलं नाही.

मी त्याला सोडलं. मग पर्यवेक्षकाचा मोबाईल जप्त करायला हवा होता, त्याच तासाला. त्याआधी मी वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, "एका माणसाच्या चुकीपायी एवढा मोठा प्रकल्प बंद पाडायचा का? वाढवू नका." चार दिवसांनी पर्यवेक्षक आला तो नवा मोबाईल घेऊनच. जुना हरवला म्हणाला. मी तसं लिहून घेतलं. बाईची तक्रार अदखलपात्र म्हणून नोंदवली आणि चोरी व नुकसानीचं दोषारोपपत्र तिच्याविरुद्ध कोर्टात पाठवलं. कागदोपत्री त्यात एकही चूक नव्हती.

शाळेने तिला कामावरून कमी केलं. तो माणूस प्रकल्प सोडून हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये मजुरीला गेला. पर्यवेक्षकाची दुसऱ्या जंगलात बदली झाली. त्यानंतर शाळेच्या कार्यक्रमात संस्थेने मला शाल-श्रीफळ दिलं. मुलांनी वाघावरचं गाणं म्हटलं. मी टाळ्या वाजवल्या.

ठाण्यात आधी कोण पोहोचलं आणि त्याच्या हातात कसला कागद होता, एवढ्यावर फिर्यादी आणि आरोपी ठरतात, हे मला त्या केसने शिकवलं. शिकवलं म्हणजे दाखवलं. मी ठाणेदार होतो, ठरवणारा मीच होतो.

साक्षीसाठी सेलूच्या कोर्टात गेलो, तेव्हा ती व्हरांड्यात बसलेली होती. मला पाहून उभी राहिली. राग नव्हता तिच्या आवाजात, तेच जास्त लागलं.

"साहेब, माह्या फोटूचं काय झालं? तो अजून कोणापाशी असंल का?"

"तपास चालू आहे," मी म्हणालो.

तपास कधी सुरूच झाला नव्हता.